हयातीचा दाखला

दर सप्टेंबरात खारच्या पत्त्यावर तो लिफाफा येतो,
पातळ, खिडकीवाला.
श्रीमती इंदुप्रभा त्रिलोकेकर.
आमच्या गॅसवाल्याला जे सदतीस वर्षांत जमलं नाही
ते नाव तिकडे कुणीतरी एकदाही चुकत नाही.

विचारतात : आपण हयात आहात काय?
असल्यास खाली सही करावी.
नसल्यास काय करावं
ते लिहिलेलं नसतं.

डेल्फ्टच्या विद्यापीठात रत्नाकर सात वर्षं होते.
काचेचा लांबलचक हौद, त्यात यंत्र लाटा उठवायचं,
हे त्या मोजायचे.
समुद्र, पण लहान मापाचा.
दर महिन्याला पगारातून काही कापलं जाई,
तेव्हा म्हणे भांडले होते खिडकीपाशी :
तिशीतच म्हातारपण विकत कशाला घ्यायचं?

मग इकडे. माटुंग्याच्या कॉलेजात बावीस वर्षं.
तिथलं पेन्शन चौदा महिने अडलं,
सेवापुस्तकातलं पहिलंच पान गहाळ.
हेडक्लार्क म्हणाला, सर, तुम्ही रुजू झाल्याचा पुरावा नाही.
हे म्हणाले, मग निवृत्त कोण झालं?
त्याने तेही शेऱ्यात लिहून घेतलं.

डेल्फ्टचे पैसे मात्र पासष्टी सरली त्याच महिन्यात आले,
न मागता, सेंटसकट.
हे दोन दिवस गप्प होते.

गेले त्या फाल्गुनात मी कळवलं तिकडे.
तीन आठवड्यांत उत्तर. सांत्वनाची एक ओळ,
मग तक्ता.
जोडीदाराचा वाटा.
त्याच्या खाली, कायद्यानुसार वेगळा राखलेला,
पूर्वीच्या जोडीदाराचा वाटा.
नाव नाही. फक्त साल :
१९७८ ते १९८३.

म्हणजे सातातली पाच तिची.
चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत सुट्टी काढून हे आले, लग्न लागलं,
तेव्हा उरलेलं ते माझं.
पुढची सगळी वर्षं,
डायलिसिसच्या खुर्च्या, सासूबाईंचं पाय मोडणं,
कॉलेजच्या पेपरांचे गठ्ठे पलंगाखाली,
यांतलं काहीच त्या तक्त्यात बसत नाही.
बसणार कसं? तिथे पगार कापला जात नव्हता.

चिडले नाही. कॅल्क्युलेटर काढला.
तिचा आकडा माझ्याहून मोठा होता
आणि बरोबर होता.

काहीच माहीत नव्हतं असंही नाही.
आमच्याकडे एक चपटी सुरी आहे, मधोमध फट असलेली,
तिकडे तिने चीज कापतात.
हे काकडीच्या चकत्या करायचे तिने, कागदासारख्या,
दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.
कुणी घेतली, हे मी विचारलं नाही.
धुऊन, पुसून, जागेवर ठेवत गेले.

इथल्या पेन्शनसाठी मशीनवर अंगठा ठेवावा लागतो.
माझा उमटत नाही, रेषा झिजल्या.
बँकेतली पोरगी म्हणते, आजी, पुन्हा. आजी, थोडं ओलं करून.
तिकडच्या कागदावर सही चालते,
मॅनेजर पासपोर्ट बघतो, मला बघतो,
शिक्का मारतो. आहे.

मागच्या वर्षी धीर करून एक ओळ जास्त लिहिली :
त्या बाई कशा आहेत?
उत्तर आलं, गोपनीयतेमुळे कळवता येत नाही.
तरी सोबत अद्ययावत तक्ता जोडला आहे.

चष्मा लावून बघितलं.
दुसरी ओळ होती.
आकड्यात अठरा सेंटची वाढ.

म्हणजे तिनेही या सप्टेंबरात
कुठल्यातरी टेबलाशी बसून
पेन चालतंय का ते कोपऱ्यात गिरवून पाहिलं असेल.

आज मॅनेजर रजेवर आहे.
उद्या परत यायला सांगितलंय.
कागद पिशवीत ठेवलाय, काकड्या घ्यायच्यात.